कुटुंबाचे आरोग्य : बसवलेला दात आणि झिजणारे हाड

गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतही ‘पक्का दात’ बसवून घेण्याची चाल पडली आहे. पूर्वी दात पडला की माणूस एक तर बोळक्या तोंडाने दिवस काढी, नाही तर कवळी करून घेई. आता जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवितात आणि त्यावर दात चढवितात. त्याला इम्प्लांट म्हणतात. आमच्या पिंपळवंडीतून, आळेफाट्याहून, नारायणगावाहून माणसे त्यासाठी पुण्यापर्यंत जातात. टोमॅटोचा हंगाम बरा गेला, कांद्याला भाव मिळाला किंवा मुलगा नोकरीला लागला की ‘आईला दात बसवून देऊ’ असा विषय घरात निघतो. ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या माऊलीने उभा जन्म दुसऱ्यांना वाढून स्वतः भाकरी दुधात चुरून खाल्ली, तिला उतारवयात ती चावून खाता यावी, यात चैन कसली?

परंतु या दाताविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. ‘धातूचा दात, त्याला कीड लागत नाही, तेव्हा आता काळजी मिटली,’ असे पुष्कळ लोक समजतात. त्या दाताला कीड लागत नाही, हे खरे. पण तो ज्या हाडात उभा असतो ते हाड आपले स्वतःचे, जिवंत हाड असते आणि ते झिजू शकते. वरच्या जबड्यात तर ते आधीच मऊ आणि पुष्कळदा पातळही असते. शिवाय ही झीज होताना बहुधा दुखत नाही. म्हणूनच घरातील कोणी असा दात बसविला असेल किंवा बसविण्याचा विचार असेल, तर पुढील माहिती सर्वांनी मिळून वाचावी अशी आमची विनंती आहे.

हाड धातूला कसे धरते?

स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसे खेळते याचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम या धातूचे एक बारीक उपकरण हाडात बसविले होते. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर ते निघेना. हाड वाढून धातूला घट्ट बिलगले होते. या एका अडचणीतून पुढे सगळी विद्या उभी राहिली. १९६५ मध्ये गोटेनबर्ग शहरात त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले.

म्हणजे इम्प्लांट सिमेंटने चिकटविलेला नसतो, की खिळ्यासारखा नुसता ठोकलेलाही नसतो. हाड त्याला धरते म्हणून तो उभा राहतो. हाडाने धरायला वेळ लागतो. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबून मगच वर दात चढवीत. आता नव्या प्रकारच्या स्क्रूंमुळे हा काळ पुष्कळ ठिकाणी कमी झाला आहे. पण वरच्या जबड्याला जास्त सबुरी लागते, हे आजही लक्षात ठेवावे लागते.

वरचा जबडा नाजूक का?

खालच्या जबड्याचे हाड बाभळीच्या लाकडासारखे टणक, तर वरच्याचे, त्यातही मागच्या दाढांकडचे, पांगाऱ्याच्या लाकडासारखे हलके व सच्छिद्र असते. त्यात स्क्रूची पकड सुरुवातीला तितकी घट्ट बसत नाही.

दुसरी गोष्ट अशी की वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या आत हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढ काढून वर्षे लोटली की ही पोकळी खाली उतरत येते, आणि खालून हाडही आटत जाते. दोन्ही बाजूंनी कमी होता होता मधे काही मिलिमीटर हाड उरते. त्यात स्क्रू मावत नाही. अशा वेळी पोकळीचा पडदा वर उचलून खाली हाडाची भर घालतात. ही शस्त्रक्रिया १९८० पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे आणि आता मोठ्या शहरांत नेहमीची झाली आहे. पण तिला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात.

तिसरी गोष्ट समोरच्या दातांची. वरच्या समोरच्या दातांपुढील हाडाची भिंत पुष्कळ माणसांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच ती बरीच बसते. पुढे तेथे इम्प्लांट बसविला आणि ती भिंत आणखी झिजली, तर हिरडी वर सरकते आणि आतला धातू डोकावू लागतो. हसताना ओठावर हात ठेवण्याची पाळी येते.

दात नसलेल्या जागी हाड का आटते, असे कोणी विचारील. हाड हे कामाचे भुकेले असते. दातावर चावण्याचा जोर येतो तोवर ते टिकून राहते. दात गेला की शरीराला त्या हाडाचे प्रयोजन उरत नाही. म्हणून दात काढताना ‘पुढे बघू’ असे न म्हणता, पुढे काय करायचे हे त्याच वेळी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

खऱ्या दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक गादी असते. भाकरीत खडा आला की आपण चटकन थांबतो, ते या गादीमुळे. शिवाय हिरडीचे तंतू मुळात शिरून तोंडातील घाण आत जाऊ देत नाहीत. इम्प्लांटला ही गादी नसते. हिरडीचे तंतू त्यात शिरत नाहीत, मनगटातील बांगडीसारखे भोवतीने फक्त वेढून असतात. त्यामुळे जंतूंना आत उतरायला वाट सोपी मिळते, आणि आत काही बिघडले तरी वेळीच ठणका लागेलच असे नसते.

बिघाड दोन पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीवर दाताच्या बुडाशी जंतूंचा थर साचून हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागताच रक्त येते. हाड अजून शाबूत असते. या वेळी नीट सफाई केली तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुसऱ्या पायरीवर सूज खाली उतरते आणि हाड खायला लागते. स्क्रूभोवती वाटीसारखा खड्डा पडत जातो. गेलेले हाड आपोआप परत येत नाही. म्हणून सारे शहाणपण पहिल्या पायरीवर जागे होण्यात आहे.

पहिल्या वर्षी थोडे हाड बसणे हे मात्र अपेक्षितच असते. १९८६ मध्ये तज्ज्ञांनी एक माप सुचविले होते. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरहून कमी झीज चालेल, असे ते माप होते. २०१७ मध्ये अमेरिका व युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या परिषदेत या व्याख्या नव्याने ठरल्या. त्यात भर पडली ती तुलनेवर. दात चढविल्या वेळचा एक्स-रे आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले तरच झीज किती झाली ते खात्रीने सांगता येते. पहिला एक्स-रे जपून ठेवण्याचे महत्त्व त्यासाठीच आहे.

आमच्या थोरल्या काकूंची गोष्ट

आमच्या नात्यातील थोरल्या काकू पिंपळवंडीतच राहतात. वरच्या उजव्या बाजूच्या त्यांच्या दोन दाढा हलून हलून पडल्या होत्या. मुलाने शहरातील एका दवाखान्यात नेऊन दोन इम्प्लांट बसवून दिले. काकू खूश होत्या. शेंगदाण्याची चिक्की खाऊन दाखवीत. पहिल्या वर्षी एकदा तपासणीला गेल्या. पुढे ‘दुखत तर काहीच नाही, मग एक दिवसाचा रोज बुडवून कशाला जायचे?’ असे म्हणून जाणे थांबले.

चौथ्या वर्षी दात घासताना रक्त येऊ लागले. काकूंनी गुलकंद खाल्ला, सब्जा प्याल्या. पुढे सकाळी तोंडाला घाण चव येऊ लागली. एक दिवस जेवताना मागचा दात हलल्यासारखा वाटला, तेव्हा मुलगा घेऊन गेला. आम्हीही सोबत होतो.

“काकू, रक्त किती दिवसांपासून येतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“येतं अधूनमधून. वर्ष झालं असेल. उष्णतेचं असंल म्हटलं, बाई.”

एक्स-रेत मागच्या स्क्रूभोवतीचे निम्म्याहून अधिक हाड गेलेले दिसले. तो स्क्रू काढावा लागला. पुढच्याचे हाड थोडे गेले होते. हिरडी उघडून सफाई केल्यावर तो राहिला. पहिल्या वेळचा एक्स-रे घरात नव्हता. कोणत्या कंपनीचा स्क्रू, किती लांबीचा, याचा कागदही नव्हता. तो कोणी दिलाच नव्हता आणि मागायचा असतो हे काकूंना माहीत नव्हते. ‘दाढा हलून पडल्या’ म्हणजेच हिरडीचा रोग आधीपासून होता आणि तो नव्या दाताभोवतीही येऊ शकतो, हेही त्यांना कोणी समजावून सांगितलेले नव्हते. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन साठविलेले पैसे होते ते. काकू परतीच्या एस.टी.त एवढेच म्हणाल्या, “दुखलं असतं तर बरं झालं असतं गं.”

हे वाक्य दात बसविलेल्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

मशेरीची डबी

आता थोडे कटू बोलायचे आहे. आपल्याकडे अनेक घरांत चुलीशेजारी मशेरीची डबी असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर फिरवायची. ‘मशेरीने दात घट्ट होतात,’ असे आजी सांगत आली आणि सून ऐकत आली. प्रत्यक्षात त्यातील निकोटिनमुळे तात्पुरती गुंगी येते आणि दुखरेपण कमी वाटते, एवढेच. तंबाखू जेथे रोज लागते तेथील हिरडी मागे सरकते, दाताभोवतीचे हाड कमी होते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले. त्यात विडी-सिगारेट ओढणारे थोडे आणि खाणारे, लावणारे फार जास्त, म्हणजे २४.४ टक्के होते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. मशेरी मात्र घरच्याच तव्यावर भाजली जाते. तिला दुकान लागत नाही, आणि तिला कोणी व्यसनही म्हणत नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे आणि त्याभोवतीचे हाड झिजण्याचे प्रमाण जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कारण तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला उशीर लागतो. तेव्हा दात बसविण्याचा विचार असेल तर पहिले काम डबी बाहेर टाकण्याचे. डॉक्टरांपासून मशेरी लपवू नये. माता-भगिनींना ते सांगायला संकोच वाटतो, म्हणून घरच्यांनी न रागावता विचारावे. रागावल्याने डबी जात नाही, ती फक्त फडताळाच्या मागे सरकते.

साखर आणि हाडांची औषधे

मधुमेह असलेल्यांना इम्प्लांट चालत नाही असे नाही. साखर आटोक्यात असेल तर चालतो. पण ती वाढलेली असेल तर जखम भरत नाही आणि हिरडीचा रोग बळावतो. म्हणून आधी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करून घ्यावी. दात बसल्यावरही साखर सांभाळावी.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात म्हणून काही जणांना त्यावरची गोळी किंवा इंजेक्शन चालू असते. त्यांतील काही औषधांमुळे जबड्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हाड भरून येत नाही, असा धोका असतो. असे औषध चालू असेल, पूर्वी कधी घेतले असेल, तर त्याची चिठ्ठी दाताच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

बसविण्याआधी काय विचारावे?

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर उत्तर देतो. पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात :

१. माझ्या वरच्या जबड्यात हाडाची उंची आणि जाडी किती आहे? साध्या एक्स-रेत जाडी दिसत नाही, त्यासाठी वेगळा स्कॅन लागतो. तो माझ्या बाबतीत गरजेचा आहे का?

२. माझ्या बाकीच्या दातांना हिरडीचा रोग आहे का? असल्यास त्याचा इलाज आधी होईल का?

३. वर चढविलेला दात मला ब्रशने सर्व बाजूंनी साफ करता येईल अशा आकाराचा असेल का? तो सिमेंटने चिकटविणार की स्क्रूने आवळणार? सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तेथे सूज धरते, म्हणून हे विचारावे.

४. स्क्रूच्या कंपनीचे नाव, लांबी, जाडी व क्रमांक लिहिलेला कागद आणि दात चढविल्या दिवशीचा एक्स-रे मला मिळेल का?

५. तपासणीला किती महिन्यांनी यायचे आणि प्रत्येक वेळी खर्च किती?

हा कागद आणि एक्स-रे रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावा. ती पिशवी कोणत्याच घरात हरवत नाही.

बसविल्यानंतर काय करावे?

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री जेवल्यावर, हिरडी आणि दात मिळतात त्या कडेने घासावे. दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही. त्यासाठी बारीक कुंचल्यासारखा छोटा ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. कोणत्या मापाचा घ्यावा ते डॉक्टर सांगतात. राख, कोळसा, विटेची पूड, मीठ यांनी रगडू नये. सुई, काडी, केसाची पिन खुपसू नये. ज्या आजी-आजोबांचे हात कापतात किंवा ज्यांना नीट दिसत नाही, त्यांच्या सफाईकडे नातवंडांनी आठवड्यातून एकदा तरी बॅटरी धरून पाहावे.

रक्त, पू, सूज, घाण चव, हिरडी वर सरकणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. दात हलला तर घाबरू नये, पण घरीच हलवून पाहतही बसू नये. कधी कधी वरचा दात आवळणारा बारीक स्क्रूच सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. हाडातील मुख्य स्क्रूच हलत असेल तर मात्र तो बहुधा काढावा लागतो. वरच्या दाढेच्या जागी सैल झालेला स्क्रू क्वचित सायनसच्या पोकळीत सरकतो, म्हणून वरच्या जबड्यात दिरंगाई विशेष वाईट.

हाड झिजले आहे असे निघाले तरी प्रत्येक वेळी सारे संपलेले नसते. लवकर कळले तर हिरडीखालची सफाई पुरते. पुढे गेले असेल तर हिरडी उघडून स्क्रू साफ करतात, खड्ड्याचा आकार अनुकूल असेल तर त्यात हाडाची भर घालतात. त्यानेही न भागल्यास स्क्रू काढून जागा भरू देतात आणि मग पुन्हा विचार करतात. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्या खाऊन हा रोग बरा होत नाही. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेत राहण्यात मोलाचे महिने जातात.

कवळीत कमीपणा नाही

शेवटी एक गोष्ट. इम्प्लांट सर्वांनाच बसविला पाहिजे असे नाही. वरच्या जबड्यात हाड फार कमी असेल, साखर आटोक्यात येत नसेल, तंबाखू सुटत नसेल किंवा पुढील तपासण्यांना जाणे जमणार नसेल, तर चांगली बसणारी कवळी हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. शेजारणीने बसविला म्हणून आपणही कर्ज काढून बसवावा, हे मात्र टाळावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. पुण्यातही दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मोठा खर्च करण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी दुसरे मत घ्यावे आणि दरही विचारून घ्यावा.

ज्यांनी दात बसविलेला आहे त्यांनी हिशेब असा करावा. पिंपळवंडीहून पुण्याला जाण्या-येण्याचे एस.टी.चे भाडे, एक दिवसाचा बुडालेला रोज आणि तपासणीचे पैसे, हा त्या दाताच्या किमतीचाच एक भाग आहे. दात घेतानाच तो बाजूला काढून ठेवावा. वर्षातून किमान एकदा, आणि हिरडीचा रोग किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, दाखवून यावे. तारीख विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितो तेथेच, दाताची तारीखही आजच लिहून ठेवावी.